खिळे काढ, मावशी

आणि वर फोनवर म्हणतेस, माझे खिळे चालले नाहीत, कारण मीच ते नीट गंजवले नाहीत! असो. मावशी, नमस्कार. गुडघे कसे आहेत? (दुखत असतील, पण फोन उचलायला गुडघे लागत नाहीत. मी "तुझं आंब्याचं रोप जगणार नाही" म्हटलं तेव्हा आपटलास तो आपटलासच. म्हणून हे पत्र. शेजारच्या प्राचीकडून वाचून घे.)

इथे कोइमतूरला आमच्या मॅडम झाडांच्या पानांच्या रंगावर संशोधन करतात. माझं काम पाणी घालायचं. पण पिवळीधमक रोपं दिसली आणि माझ्या अंगात तू, डिलाईल रोडची जाईबाई, आलीस. पान पिवळं पडलं की कुंडीत गंजके खिळे, हे तुझंच औषध ना? बांधकामावरून पिशवीभर आणले, कुंडी-कुंडीत खोचले. थोडे वाटेत सांडले, ते मॅडमच्या स्कूटीला सापडले. दोन्ही चाकं बसली!

म्हटलं, भरा बॅग. पण ओरडून घसा बसल्यावर मॅडमनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. हिरव्या पानात हिरवे दाणे, शेंगेत मटार ठासावेत तसे. पिवळ्यात तेच दाणे अर्धेकच्चे. हे दाणे उन्हावर झाडाचं जेवण रांधतात, आणि ते कसे घडायचे हे आईबापांकडून बीमध्येच ठरून येतं. आईबाप हिरवेगार, पण दोघांच्या पोटात एकच दोष दडलेला. दोन्हीकडून एका पोरात उतरला की पोर फिकं. (आई शांत, बाबा शांत, आणि निपजलो मी. तसंच.) तिथे खिळा काय करणार?

ही पिवळी निदान अर्धपोटी जगतात. तुझं तर दुधासारखं पांढरं, आणि त्यालाही तू खिळे खोचून बसलीस. कोयीतला शिधा संपला की खेळ खलास. काकांनी लावलेला आंबा जुनी चाळ पाडली तेव्हा गेला, त्याची एकच कोय रुजली, हे मला कळत नाही का? पण खोटं कसं बोलू?

तुझा,
हितू

ता. क. प्राचीच्या नीलला सांग, रोपाला चहा पाजू नकोस.

आणखी एक ता. क. मॅडमना तुझ्या रोपाचं सांगितलं. म्हणाल्या, "हिरव्या रोपावर कलम करा, त्याच्या पानांवर हेही जगेल." म्हणजे मी निम्मा चुकलो. (लगेच बिल्डिंगभर सांगू नकोस.) गिरगावात खोताच्या वाडीतले रेमंड अंकल कलमं बांधतात, हिरवं रोपही तेच देतील. फक्त खालची हिरवी पानं छाटू देऊ नकोस, कमावणारी तीच. पांढरं बसून खाईल, खाऊ दे. मीही तुझ्याकडे तेच केलं, तू कुठे छाटलंस? आधी खिळे काढ, मग कुंडी मांडीवर घेऊन टॅक्सीने जा, बसने नको. टॅक्सीचे, कलमाचे आणि अंकलच्या बिस्किटांचे मिळून प्राचीच्या फोनवर पाठवतोय, रुपये सातशे.