रंगवलेल्या होड्या

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी देवापुढे दोन मिनिटं बसलो, बूट चढवले आणि कंपनीची नवी प्रवासी बोट तपासायला गेलो. आरमारातून रिअर अ‍ॅडमिरल होऊन निवृत्त झाल्यापासून मला सगळीकडे मान आहे, काम कुठेच नाही. सोसायटीच्या पाणी समितीचा अध्यक्ष, शाळेचा विश्वस्त आणि या कंपनीचा सुरक्षा सल्लागार.

बोट दिसायला देखणी. जुन्या सवयीने मी म्हटलं, जीवरक्षक होड्या पाण्यात सोडून दाखवा. खलाशांनी दोर सैल केले, पण होडी जागची हलेना. उद्घाटनासाठी इतका रंग थापला होता की कप्प्या चिकटून बसलेल्या. दुसरीचीही तीच गत.

मालक हसले. म्हणाले, वीस तारखेला पाहुणे येणार, रंग नंतर खरवडू. साहेबांनी सुरक्षेच्या दाखल्यावर फक्त सही करावी.

घरी येऊन राजीनामा लिहिला. तुझी भावजय म्हणते, ताईंना विचारल्याशिवाय देऊ नका. म्हणून तो खिशातच आहे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. दर्यासारंगास,
अ. उ. आ.

राजीनामा झकास लिहिला असशील, तुझं अक्षर पहिल्यापासून वळणदार. पण तू उतरलास म्हणून ते बोट बांधून ठेवणार आहेत का? सही करणारा दुसरा मिळेल. लोक लेकरं घेऊन चढतील आणि तू घरी स्वाभिमान कुरवाळत बसशील.

खाडीपलीकडच्या शाळेत तुला मीच वल्हवत न्यायचे. आधी होडी पाण्यात ढकलायची, स्वतः बसून बघायचं, मग तुला हात द्यायचा. उशीर होतो म्हणून तू काठावर भोकाड पसरायचास. मी ऐकलं का कधी? गणवेश उतरला तुझा, आवाज तर शाबूत आहे ना?

खोकल्याचं औषध चुकवू नकोस. भावजयीला जवळ घेतलं म्हणून सांग.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मालकांना सांगितलं की होड्या सुटल्याशिवाय सही नाही, आणि मी जाणारही नाही. त्यांना वाटलं, पाहुण्यांसमोर म्हातारा नमेल. काल सकाळी पाहुणे धक्क्यावर, बँड सज्ज, होड्या तशाच. मी शिडीच्या तोंडाशी उभा राहिलो. मालक कानाशी येऊन म्हणाले, साहेब, लाज जाईल. मी म्हटलं, पाहुण्यांना चहा पाजा, आणि मला रंग खरवडायला माणसं द्या.

बँडवाल्यांनी येत होती ती सगळी गाणी दोनदा वाजवली. एकेका होडीतून मी पाण्यात उतरलो, थोडं वल्हवलं, वर आलो. शेवटच्या होडीत मालकांनाही बसवलं. पांढऱ्या विजारीनिशी बिचारे मुकाट बसले. मग सही केली, आणि बाजूला होऊन लोकांना वाट दिली.

सहीआधी हाताचं ग्रीस पुसायला खिशात एकच कागद होता. तो वळणदार अक्षरासकट कामी आला.

असाच कान धरत राहा.

तुझा,
धाकटा