पपनसाचा वाटा

पडघा
२८ जुलै २०२५

ती. हौसाताईस,
धाकट्या केसरीनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि सूनबाईने तुझ्या कानात ओरडून सांगावी अशी ही बातमी नाही, म्हणून लिहितो. फुप्फुसातली गाठ पुन्हा वाढली आहे. वर्षभर चाललेलं औषध आता लागू पडत नाही. वीस वर्षं भिवंडीत लूमवर कापसाची धूळ गिळली, विडी कधी ओढली नाही. तरी मलाच का, हे देवाला विचारत नाही. उत्तर आलं तर ऐकायचं धैर्य नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीत माझं नाव घातलं आहे. सलाइनमधलं औषध सगळ्यांनाच, पण जोडीला रोज एक गोळी. अर्ध्या रुग्णांना खरी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली, पोकळ. कोणाला कोणती ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरांनाही कळत नाही. रुचिकाने बावीस पानं वाचून दाखवली. लेकीचा आवाज कुठेच अडखळला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी सही केली.

एक वही मिळाली आहे. गोळी किती वाजता घेतली, काय त्रास झाला, वेगळं काय खाल्लं, सगळं लिहायचं. पथ्याचा कागद देवघराशेजारी चिकटवला आहे. वडपे गावच्या गोदामातली ड्युटी सध्या बंद.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा
केसरीनाथ

गणेशपुरी
३० ऑगस्ट २०२५

चि. केसरीनाथास,
हौसाताईचा डोक्यावर हात. औक्षवंत हो.

पत्र तीनदा वाचलं. जीव थाऱ्यावर न्हाय. दीड दिवसाचा गणपती बसला, आरतीत सगळे देवाकडे बघत होते आणि मी दाराकडे. तू येशील असं उगाच वाटत होतं.

माझ्या दीपेशबरोबर तुझा वाटा पाठवते. मखरावर टांगलेल्या पपनसाचा अर्धा भाग दरवर्षीचा, आणि झाडावरची आणखी चार देवाच्या पायाशी ठेवून दिली आहेत. आंघोळ झाली की रोज दोन-चार फोडी खा. भूक नसली तरी खा, प्रसादाला नाही म्हणू नये. तू लहानपणीही ताटातलं टाकायचास आणि प्रसादाला मात्र दोन्ही हात पुढे करायचास.

तुझी गोळी खरीच असेल. मी देवाला तेवढंच मागितलं आहे.
हौसाताई

पडघा
१२ सप्टेंबर २०२५

ती. हौसाताईस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र बसून वाच. मंगळवारी रक्त तपासलं तर यकृताचे आकडे तिप्पट झालेले, आणि हृदयाचा आलेखही बिघडलेला. गोळी तिथल्या तिथे बंद केली. बाहेरचं काही औषध, काही वेगळं खाणं झालं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणालो आणि वही दाखवली. अक्षर चांगलं आहे म्हणून नर्सबाईंनी कौतुकही केलं.

घरी आलो तर ओटीवर पपनसाच्या साली वाळत पडलेल्या. पथ्याच्या कागदावर पपनस लिहिलेलं आहे, ताई. त्याने ती गोळी रक्तात नको इतकी साठते. मी ते वाचलं होतं, मला पाठ होतं. पण प्रसाद म्हणजे खाणं, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. खाण्याच्या रकान्यात देवाचं कसं लिहायचं? म्हणून लिहिलं नाही. दोष तुझा नाही, माझा आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसते चष्मा पुसत राहिले. रुचिकाने तिथेच विचारलं की पोकळ गोळीवर पपनसाचा परिणाम कसा होईल, म्हणजे बाबांची गोळी खरी होती का. त्याचं उत्तर देता येत नाही, एवढंच ते म्हणाले. परतताना ती बसमध्ये आधी हसली, मग खिडकीकडे तोंड करून रडली.

तू मागितलंस ते देवाने दिलं असावं, आणि मी ते घालवून बसलो, असं आता वाटतं. दोन आठवड्यांनी, सव्वीस तारखेला, पुन्हा रक्त. आकडे उतरले तर गोळी परत सुरू, नाही उतरले तर चाचणीतून नाव कमी. त्यानंतर काय, ते मी विचारलं नाही.

केसरीनाथ

गणेशपुरी
१७ सप्टेंबर २०२५

चि. केसरीनाथास,
आशीर्वाद लिहायलाही हात उचलत न्हाय.

झाड तोडायला निघाले होते. दीपेशने कोयता हातातून काढून घेतला, म्हणाला मामाने झाड लावलंय, मामाला विचारून तोड. मीच तुझ्या तोंडात विष घातलं, हे मनातून जात नाही. नुसता देव्हाऱ्यापुढे बसते. तोंडातून नाव निघत नाही.

पण तुझा हा जुनाच हिशोब आहे रे. सत्यनारायणाला वाटीभर शिरा खाऊन यायचास आणि आईला सांगायचास की सकाळपासून पोटात काही नाही. आईने पाठीत धपाटा घातला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता खाण्याचं काही पाठवणार नाही. देवावरचं जास्वंदीचं एक फूल पाकिटात घातलं आहे. तेही चालत नसेल तर परत पाठव, मला राग येणार नाही.
तुझीच
हौसाताई

मुंबई
२६ सप्टेंबर २०२५

ती. हौसाताईस,
बाकावर बसून केलेला नमस्कार गोड मानून घे.

सकाळी रक्त दिलं. अहवाल दुपारी येणार. रुचिका रांगेत उभी आहे. मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर लक्ष रांगेकडे जातं.

झाड तोडू नकोस. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाट, यंदा माझा वाटाही त्यांनाच दे.

वही आज नर्सबाईंनी मागून घेतली. कालच्या तारखेला वेगळं काय खाल्लं त्या रकान्यात मी लिहिलं आहे: बहिणीने पाठवलेलं देवाचं फूल. कपाळाला लावलं. खाल्लं नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं खोडतील. त्यांनी खाली आपली सही केली.

माझं नाव पुकारलं. रुचिका हात करते आहे. पुढचं तिला लिहायला सांगतो.

केसरी