टँकरच्या रांगेत चंद्रहाराचा चोर

२ मे १९८६, तेर
अणदूरची माझी आत्या म्हणायची, "चोरी असू दे न्हायतर खून, पुस्तक मिटल्यावर जेवण गोड लागलं पाहिजे." आज वाचनालयाच्या कपाटापुढं तेच आठवलं. कपाटाची किल्ली माझ्याकडं आल्यापासून कुणी काय वाचावं हे मीच सांगते. रक्तबंबाळ रहस्यकथा मागं सारल्या. एक निवडली : थंड हवेचं गाव, बंगलाभर पाहुणे, गायब चंद्रहार. शोध घेणारे रिटायर स्टेशनमास्तर, तेही चहा पीत पीत.

शेजारच्या सरूमावशींना शिफारस केली. "मला कुठं वाचाय येतंय? तूच वाच की, टँकरच्या रांगंत. घरी कोण बसू देतंय?"

५ मे
वाचलं. घागरी रांगेत, आम्ही लिंबाखाली. टँकर दिवसाआड येतो, वेळ त्याची त्यालाच ठाऊक. सुरू करणार तोच सरूमावशींनी प्रत्येकीच्या मुठीत ज्वारीचे दाणे दिले. व्रताची कहाणी ऐकताना देतात तसे. दाणे हातात असले की गोष्ट मधे सोडून उठायचं नाही.
"अहो मावशी, ही चोरीची गोष्ट!"
"मग? गोष्टच न्हवं?"
बौद्धवाड्यातल्या रत्नाबाईंनी हात मागं घेतला. "आमी सोडलं ते समदं. पर गोष्ट ऐकणार हां."
टँकर आला तो नेमका प्रकरण संपल्यावर. नशीब.

७ मे
चोर कोण यावर जुंपली. सरूमावशींचा स्वयंपाक्यावर डोळा, "लई गोड बोलतंय मुडदं." रत्नाबाई उसळल्या, "गरिबावरच आळ घ्या! मालकिणीनंच लपिवला आसंल." मला चोर माहीत. ओठ मिटून बसणं किती अवघड!

माझी स्वतःची कथा दिवाळीपासून एका मासिकाकडं अडलेली. संपादक छान लिहितात, "अभिप्राय कळवू." घागर कमरेवर घेऊन, मान वळवून "पुढं?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

९ मे
अनर्थ होता होता राहिला. शेवटून दुसरं प्रकरण. स्टेशनमास्तर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतात, आणि टँकर हजर. भोंगा वाजला. एक बाई उठेल तर शपथ! मुठी मिटलेल्या. मीही वाचतच राहिले, वेडी. ड्रायव्हरला वाटलं गावानं पाण्यावर बहिष्कार घातला. त्यानं गाडी वळवली.

दाणे नसलेल्या रत्नाबाईच तेवढ्या धावल्या. गाडीपुढं आडव्या हात पसरून उभ्या. "आरं बाबा, भांडान न्हाय, गोष्ट हाय!"

पाणी मिळालं. हसून हसून निम्मं सांडलं असेल.

१० मे
बातमी सरपंच तात्यांकडं पोचली. नात्यानं माझे थोरले दीर, त्यामुळं मला नुसतं ऐकून घ्यायचं. "माणसं पाण्यासाठी तडफडायलीत, अन् तुमी चोर धरायलाव? रांगंत पुस्तक बंद." चूक त्यांची नाही. टँकर परत गेला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं?

पण एक प्रकरण राहिलंय.

११ मे
रांगेत गुपचूप उभ्या होतो, शाळेतल्यासारख्या. सरूमावशींनी पदराची गाठ दाखवली. "दाणं बांधून ठेवल्यात. गोष्ट पुरी हुईस्तवर टाकू कसं?" मग हळूच, "त्यो स्वयंपाकीच न्हवं?" मी मान हलवली नाही. रत्नाबाई कानाशी, "मला तरी सांग. म्या दाणं न्हाय धरलं." त्यांनाही नाही सांगितलं. एकीला सांगितलं तर उरलेल्या जणींची मजा गेली. सगळ्यांनी एकदम दचकायला हवं, तेही लिंबाखालीच.

१२ मे
ठरवलं. आज संध्याकाळी तात्यांसाठी चहा घेऊन जाणार. आधी शेवटच्या प्रकरणापुरती परवानगी मागेन. त्याला एखादवेळ हूं म्हणतील. खरी मागणी नंतर. सगळा तालुका टँकर लवकर यावा म्हणून ग्रा.पं.च्या पायऱ्या झिजवतोय. मी पदर सावरून म्हणणार आहे, "भाऊजी, उद्या एकच दिवस टँकर अर्धा तास उशिरा येऊ द्याल का?"