ताप नसलेल्या नर्सबाईच्या रजेबाबत

प्रति,
मा. मोठे डॉक्टरसाहेब,
आरोग्य खाते,
मुक्काम यवतमाळ.

विषय : नर्सबाई नलू ढोके यांचा रजेचा अर्ज खोटा ठरला, तो खोटेपणा माझा असल्याबाबत.
संदर्भ : बाईंना कामावरून का काढू नये, असे विचारणारे पत्र. (नंबर बाईंच्या कागदावर आहे, माझ्यापाशी नाही.)

महोदय,

मी बाबाराव उकंडा मुनेश्वर, मारेगावकडील मौजे चिंचबोडीच्या दवाखान्यात ड्रेसर आहे. कोणी सांगितले म्हणून हा अर्ज करीत नाही.

१. मी दुसरी पास. पुढचे लिहिणे-वाचणे औषधाच्या पुड्या बांधायच्या रद्दीवरून शिकलो. दवाखान्यातल्या सर्वांचे अर्ज मीच लिहितो, आणि माझा अर्ज परत येत नाही असा माझा लौकिक आहे. त्यातली हिकमत एवढीच की साहेबाला पटेल तेच कारण मी लिहितो, खरे कोणतेही असो.

२. नर्सबाई तीन वर्षे येथे एकट्या आहेत. जंगलातल्या चौदा गावांची बाळंतपणे त्यांच्या एकटीवर. या उन्हाळ्यात दोन बाळंतिणी दगावल्या. दोघींनाही बैलगाडीतून आणेपर्यंत अंगात रक्त उरले नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरी विहिरीवर बाया म्हणू लागल्या, "हिच्या हाताले यशच नाही वो." बाईंचे जेवण तुटले. सुया उकळायला ठेवायच्या आणि समोर बसून राहायचे; पाणी आटून भांडे करपले तरी उठायच्या नाहीत. एकदा मी भर पेशंटांत बोललो, "काहून नर्सबाई, सुयांची भाजी करून राह्यल्या का?" सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. साहेब, जखमेत पू कुठे साचला ते मी बोट लावून सांगतो, वीस वर्षांचा हात आहे. मला दिसले नाही असे नाही. दिसले, आणि मी थट्टा केली.

३. दिनांक ३ ऑगस्ट रोजी बाई माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास आल्या. त्यांना स्वतःला लिहिता येते, पण हात चालत नव्हता. म्हणाल्या, "बाबारावभाऊ, मले जगावंसंच वाटून नाही राह्यलं. आईपाशी जातो म्हणा. असंच लिवा." मी म्हणालो, "बाई, असं लिवलं तं साहेब हासतीन. मी ताप लिवतो. तापाले कोणी नाही म्हणत नाही." बाई दोनदा म्हणाल्या की ताप नाही. मी लिहिला. 'सतत तापाने आजारी' असे झोकदार अक्षरात लिहिला.

४. आमच्या डॉक्टरसाहेबांनी तेथेच थर्मामीटर लावले. साडेअठ्ठ्याण्णवसुद्धा भरले नाही. त्यांनी लाल शाईने शेरा मारला : 'ताप नाही. अर्ज खोटा. रजा नामंजूर.' जी बाई खरे बोलायला आली होती तिला मी खोटारडी करून परत पाठवले. ती परत सुया उकळायला गेली.

५. चौथ्या दिवशी भर दुपारी बाईंनी जीव देण्याचा प्रयत्न केला. कसा, ते मी लिहिणार नाही. दाई रुखमाबाई बाळंतपणाचे बोलावणे घेऊन त्यांच्या खोलीवर गेली म्हणून बाई वाचल्या. पोलिसांनी उलट बाईंवरच गुन्हा नोंदवला. आता खात्याचे पत्र आले की खोटा अर्ज करणारी व असे कृत्य करणारी नर्स नोकरीत का ठेवावी.

६. महोदय, रागावू नये, पण विचारतो. बाळंतीण मेली की ती कशाने मेली याचे आपण तीन कागद मागता. ती ज्या बाईच्या मांडीवर मेली, ती बाई त्या दिवशी जेवली का, हे कोणत्या कागदावर विचारता? आम्हा दवाखान्यातल्यांना मन असते, हे खात्याला ठाऊक नसेल तर आता ठाऊक करून घ्यावे. मला ठाऊक होते. म्हणून माझा गुन्हा आमच्या डॉक्टरसाहेबांच्या गुन्ह्यापेक्षा मोठा आहे.

७. म्हणून विनंती की 'अर्ज खोटा' हा शेरा बाईंच्या नावावरून खोडून माझ्या नावावर घालावा व शिक्षा मला करावी. बाईंना बरे वाटेपर्यंत रजा द्यावी, मनाच्या डॉक्टरला दाखवावे, आणि वेडी म्हणून शिक्का मारू नये. पोलिसांना आपण लिहावे की ही आजारी आहे, गुन्हेगार नाही. परत आल्यावर सोबत दुसरी नर्स द्यावी. चौदा गावांचे मरण एका बाईने एकटीने उचलायचे, हे काम नव्हे, ही सजा आहे.

८. मागच्या रविवारी मी उमरखेडला बाईंच्या आईकडे गेलो; वाचल्यापासून बाई तेथेच आहेत. माफी मागायची होती, ती राहिली. खिशातून कागद काढला. बाईंनी कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "भाऊ, आता तरी मी सांगतो तसं लिवसान का?" त्यांनी सांगितले तसे लिहिले. माझा एकही शब्द घातला नाही. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "तुमचं 'सविनय' राह्यलं वाटते." मी म्हणालो, राहू द्या. सही त्यांनी स्वतःच्या हाताने केली. या वेळी हात चालला.

तो अर्ज सोबत जोडला आहे. माझा हा अर्ज परत आला तरी चालेल. बाईंचा तो परत पाठवू नये.

आपला गुन्हेगार,
बाबाराव उकंडा मुनेश्वर
ड्रेसर, मौजे चिंचबोडी
दिनांक १७ सप्टेंबर १९६४

सोबत : नर्सबाई नलू ढोके यांचा रजेचा अर्ज, चार ओळी. कारण : 'मले ताप नाही. मले जगावंसं वाटत नव्हतं, आता थोडं वाटते. बरी झाली की कामावर येतो. तोवर मले आईपाशी राहू द्या.'