कानामागची खूण

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चित्रपट शुक्रवारी लागतोय. आधी वाईट बातमी सांगतो, मग हवी तेवढी रागाव. बाबांना थिएटरात नेऊ नकोस. पडद्यावर मी आहे, नायकाच्या धाकट्या भावाचं चांगलं भरघोस काम आहे, पण आवाज माझा नाही. दिग्दर्शक म्हणाले की चेहरा राजबिंडा आणि बोलणं दूधपित्या पोराचं. माझा बोबडा 'र' त्यांच्या कानाला सोसला नाही. चित्रीकरण संपल्यावर एका भारदस्त आवाजाच्या गृहस्थाला काचेच्या खोलीत बसवलं आणि माझ्या हलणाऱ्या ओठांवर त्याचं बोलणं चढवलं. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. तो फार छान बोलतो गं, तेच जास्त लागलं. शरमेपायी इतके दिवस तुला कळवलं नाही.

बाबांना दिसत असतं तर गोष्ट वेगळी होती. पण काचबिंदूने डोळे नेले, आणि आपल्या सलूनच्या खुर्चीवर उभा राहून गिऱ्हाइकांना संवाद म्हणून दाखवणारा पोरगा त्यांना आता कानांनीच पाहायचा आहे. काहीतरी सबब सांग. गेले कित्येक महिने मी रोज आवाजाच्या बाईंकडे शिकायला जातोय. पुढच्या चित्रपटात मोठं काम आहे आणि आवाज माझाच घेणार, असं कबूल झालंय.

लोभ असू दे. राग आलाच तर तोही लिहून पाठव.

तुझा,
बोबड्या

१२ मार्च

चि. बोबड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी हातात पडलं. आम्ही शुक्रवारीच पहिला खेळ गाठला होता. बाबांनी चाचपडत स्वतःची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि तिकीट फाडणाऱ्याला थांबवून आपण कुणाचे बाप आहोत ते सांगितलं. मी एरवी तुला शिंगं फुटली म्हणून चिडवते, पण त्या दिवशी बाबांनाच फुटली होती.

तू पडद्यावर आलास तशी मी त्यांच्या कानाशी लागले, की आला बघा. ते कानामागे हात धरून पुढे झुकले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, बोलणार कधी? मी म्हटलं, आत्ता बोलतोय तो तोच. त्यांनी कानामागचा हात काढून घेतला आणि मागे टेकले. घरी आल्यावर खाटेवर बसून म्हणाले, की पोरगा गेला हे मला आधीच सांगायचं होतंस. मी तुझी पत्रं वाचून दाखवली, तर ती मीच लिहिते म्हणतात. डोळे गेलेत, अक्कल नाही गेली, असं ऐकवलं मला.

जुनी गिऱ्हाइकं अजून त्यांच्याच हाताखाली बसायला येतात. त्यांना बाबा परत पाठवतात. ताटावरून अर्धं जेवून उठतात. मी तर हात टेकले रे. ये, नाहीतर निदान वाण्याच्या दुकानात फोन कर.

तुझी काळजी आणि त्यांची काळजी, दोन्ही वाहणारी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी एवढंच म्हटलं, की बाबा, मी बोलतोय. बाबा अगदी अदबीने म्हणाले, की साहेब, आपण बोलता चांगलं, पण म्हाताऱ्याची अशी थट्टा करू नये. ताई, त्यांनी मला 'आपण' म्हटलं.

बाईंनी माझी जीभ सरळ केली, आवाज जाड केला. परवा दार लावून जुन्यासारखं बोलून पाहिलं, तर कुणीतरी माझी नक्कल करतंय असं वाटलं. माझी मलाच किळस आली.

दोन दिवसांची सुट्टी मिळवली आहे. नव्या चित्रपटाचं अर्धं काम झालंय, म्हणून दिग्दर्शकांनी बजावलंय की केसाला कात्री लावायची नाही. नाहीतर पडद्यावर दारातून आत शिरताना माझे केस मानेवर रुळणार आणि खोलीत पोचेपर्यंत आखूड होणार. येतोच आहे.

तोवर त्यांना सांभाळ, आणि मला मनातून उतरवू नकोस.

तुझा,
बोबड्या

२ एप्रिल

चि. बोबड्यास,
अनेक आशीर्वाद.

तू सलूनच्या खुर्चीत डोळे घट्ट मिटून बसला होतास, आरशात पाहिलंच नाहीस, म्हणून लिहिते.

दारात तू हाक मारलीस आणि बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. गिऱ्हाईक आलंय, मुकं आहे, तुमच्याशिवाय कुणाकडे बसत नाही, असं सांगून त्यांना उठवलं. मला वाटलं, आधी डोक्यावरून हात फिरवतील आणि लहानपणी त्याच खुर्चीवरून पडून तुला झालेली खोक त्यांना सापडेल. पण सवयीने त्यांचा हात आधी कात्रीकडे गेला. कपाळावरची पहिली बट पडली. मी तोंड उघडणार, तर तू माझा हात दाबलास. का ते कळलं मला. तू एक शब्द बोलला असतास तर बाबा कात्री ठेवून निघून गेले असते.

फणी उजव्या कानामागे आली आणि त्यांची बोटं थांबली. खोकेची ती खूण त्यांनी अंगठ्याने पुन्हा पुन्हा चाचपली. त्यांचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं, आणि मग तुझी मान ओली झाली ती तुला ठाऊकच आहे. तू गेल्यापासून रोज विचारतात, की मेल्याचा आवाज एवढा जाड कधी झाला. सलून उघडतात. पोटभर जेवतात.

दिग्दर्शक काय म्हणाले? खरं लिही. तुझी थाप मला लांबूनही कळते.

सदा तुझी,
ताई

१६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरंच लिहितो. केसांचा टोप लावून पाहिला, तो शोभला नाही. दिग्दर्शकांनी सगळ्यांदेखत माझी शोभा केली आणि लेखकाला बोलावून माझं पात्र मध्यंतराआधीच मारून टाकायला लावलं. अंगावर पांढरी चादर, मागे कुणीतरी रडतंय, झालं. पुढचा करारही गेला, आणि हा पोरगा बेभरवशाचा म्हणून सगळीकडे बोभाटा झाला. इथे आता मला कुणी दारात उभं करत नाही. खोली सोडतोय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण कात्रीचा पहिला आवाज आला तेव्हाच मला हे माहीत होतं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. केस छान कापले म्हणून सगळ्यांनी विचारलं, असं सांग.

चित्रपट लागेल तेव्हा मी घरीच असेन. या खेपेला आवाज माझाच आहे, तो त्यांना आता ओळखू येईल, आणि त्याचंच भय वाटतं. त्यांच्या एका बाजूला तू बस, दुसऱ्या बाजूला मी बसतो. पडद्यावर मी मरेन तेव्हा त्यांचा हात माझ्या कानामागे असेल, एवढं तू बघ.

तुझा,
बोबड्या