दाजींना दिवा दिसला

३ नोव्हेंबर
सकाळच्या एसटीने पेणहून रोह्याला आले. जवळच वरसे गावात काशीबाईंकडे खोली मिळाली. आल्या आल्या त्यांनी वालाचं बिरडं वाढलं. नोकरी तर मजेचीच! हॉलमध्ये अर्धी कापलेली गाडी, समोर तीन मोठे पडदे, त्यांवर पेण ते खांब गावापर्यंतचा हायवे, खड्ड्यांसकट. ड्रायव्हरला गाडीत बसवायचं. समोर माणूस आला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तो त्याला दिसला की नाही, हे मी तक्त्यात लिहायचं. चुकलं तरी कोणी मरत नाही, पुन्हा सुरू करायचं. आईला फोटो पाठवला.

१० नोव्हेंबर
आज जोहे गावचे दाजी आले. साठीचे, टेम्पोने गणपतीच्या मूर्ती पोचवतात. तिन्ही वेळा त्यांनी पडद्यावरच्या माणसाला उडवलं. म्हणाले, "दिवा कवा लागला गो बाय? मला काय दिसला नाय." भर दुपारचा उजेड लावला की तो पिवळा रंग खरंच हरवतो. आधीच्या सहाजणांचंही असंच झालं होतं. पण उद्या अहवाल जायचा होता, आणि मी नवीन. माझीच मांडणी चुकली असं आमचे प्रमुख हर्षद सर म्हणतील, याची भीती वाटली. सातही नावांपुढे 'दिसला' लिहिलं. सरांनी विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं. दाजींना सांगितलं, पास झालात. केवढे खूश झाले!

१२ डिसेंबर
दिवा आता खऱ्या गाड्यांत बसवला. पहिल्या पाचांत दाजींचा टेम्पो आहे. मला रात्रभर झोप नाही.

१९ डिसेंबर
काशीबाईंनी सांगितलं, काल दुपारी खांबजवळ टेम्पोने तिथल्या गवतवाल्या जनीला उडवलं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. जागीच गेली. टेम्पो दाजींचा. पोलिसांना ते एकच सांगतायत, त्या पोरीनं मला पास केलं होतं.
खरं सांगायला सरांकडे गेले. त्यांनीच विचारलं, चाचणीत काही राहिलं होतं का? नाही म्हटलं. असं कसं म्हटलं मी?

२२ डिसेंबर
पडद्यावर खांबच्या वळणाला एक बाई उभी. डोक्यावर भारा. प्रोग्रॅममध्ये अशी आकृतीच नाही, सगळी यादी तपासली. गाडीतल्या ड्रायव्हरला ती दिसली नाही. सरांनी विचारलं, सगळं ठीक? ठीक, म्हटलं. तशी ती एक पाऊल पुढे आली.

२३ डिसेंबर
आज तीनदा खोटं बोलले. तीन पावलं.
दाजींची बायको मला भेटायला आली होती. मी मागच्या दाराने पळाले. लाज वाटते — आरशात बघायची —

२४ डिसेंबर
यंत्र बंद आहे. वायर मीच उपटली. तरी ती पडद्याबाहेर, बॉनेटपाशी उभी. मी गाडीत बसलेय, वही मांडीवर. आज सांगणार. सरांना बोलावलंय.

आले. दारातच थबकले. विचारतायत, मृणाली, ही बाई कोण? म्हणजे त्यांनाही दिसते. आत्ताच सांगायचं. दाजींना दिवा दिसला नव्हता, एवढंच तर —

तोंडातून निघालं, कोण बाई?

बॉनेटपाशी आता कोणी नाही. सर पळाले. बाजूचं दार उघडलं — सीट दबली — गवत माझ्या हातावर, ओलं —
ती वाकून विचारतेय, मी दिसते ना गो? आणि माझ्या तोंडून पुन्हा —