तेवीस नंबरचा मोर

आई, उद्या अकरा वाजता मला एका कागदावर सही करायची आहे आणि दुपारपासून मी तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून त्याच्याभोवती फिरते आहे. कागद तुझ्या पुस्तकांबद्दलचा आहे. मोडनिंबच्या अलीकडे, हायवेला लागून, एका कंपनीला मोठा पार्क उभा करायचा आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, बोगद्यातून जाणारी छोटी आगगाडी, खाण्याचे स्टॉल, आणि हे सगळं तुझ्या ‘चादरीमागचा देश’च्या सात पुस्तकांवर बेतलेलं. तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली. तू असताना कुणी हे सांगितलं असतं तर चष्मा कपाळावर चढवून तू म्हणाली असतीस, “बरं, आणि गाढवं कुठे बांधणार?” मला मात्र हसू येत नाही. तुझ्या धाकट्याने पुण्याहून आपली सही करून पाठवलीसुद्धा. आता माझ्या एकटीच्या सहीवाचून सगळं अडलं आहे, आणि तो दिवसातून तीनदा फोनवर मला त्याची आठवण करून देतो.

पार्क नको असं मी पहिल्याच भेटीत म्हणाले होते. कंपनीचे साहेब तरुण आहेत, पस्तिशीचे असतील, आणि वाईट माणूस म्हणावं तर तसेही नाहीत. मला म्हणाले, “मॅडम, मी दुधनीचा. लहानपणी रोज झोपताना गोधडी उलटी करून बघायचो, मागे देश दिसतो का म्हणून.” मला ती पत्रं आठवली. कुठकुठली पोरं तुला लिहायची, आम्ही गोधडी उलटी केली, मागे काहीच नव्हते. तू पोस्टकार्डावर एवढंच उत्तर धाडायचीस, ‘पुन्हा करून बघ.’ मी साहेबांना म्हटलं, एकदा तुम्ही सिमेंटचा देश बांधलात की कुठलं पोर गोधडी उलटी करेल? ते फाईलची पानं चाळायला लागले. धाकटा मात्र म्हणाला, “ताई, आता तरी कोण करतंय? पुस्तकं दुकानातसुद्धा मिळत नाहीत. निदान पार्कमुळे लोकांना माहीत होईल की आपली आई कोण होती.” मी चिडले; अडले की मी चिडते, हे तुला माहीत आहे. शेवटी मी हो म्हणाले. मग हा कागद आला आणि त्यातलं सातवं कलम मी वाचलं. ‘सदर मालिकेतील सर्व पात्रे, स्थळे व कल्पना ही लेखिकेची संपूर्णपणे स्वतःची निर्मिती असून तीत अन्य कोणाचाही सहभाग नाही, असे मी प्रतिज्ञेवर सांगते.’

आई, हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं वह्यांवरून सिद्ध करू शकेल अशी जगात मी एकटीच उरले आहे. आठव, शनिवारची सकाळची शाळा. तू शिकवायचीस तो चौथीचा वर्ग, शेवटचा तास. तू टेबलाला टेकून उभी आहेस, हातात वही, आणि आठवडाभर लिहिलेलं वाचते आहेस. पत्रा तापायला लागलेला असतो. पोरांपैकी निम्म्यांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, मागच्या बाकावरच्या तिघांच्या घरी दखनी, आणि सगळी तुझ्याकडे तोंडं उघडी टाकून बघत असतात. मग ऐन गमतीच्या जागी तू वही मिटतेस आणि म्हणतेस, “पुढं?” हात वर होतात. जे उत्तर तुला आवडेल ते तू वहीच्या समासात लाल शाईने लिहितेस आणि शेजारी त्या मुलाचा हजेरी नंबर. नाव कधीच नाही, नंबर. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा, बोलणारा धोटा अकरा नंबरचा. वरच्या दिशेला वाहणारी नदी तीस नंबरची. त्या एका वर्षाच्या सातही वह्या माझ्या कपाटात आहेत, प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर तुझ्या अक्षरात त्याच वर्गाची यादी आहे, आणि आजवर मी त्या कुणाला दाखवलेल्या नाहीत.

मी त्याच वर्गात होते, तिसऱ्या बाकावर. शाळेत तुला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा तुझा नियम. घरी स्वयंपाकघरात तू भाकरी थापत असायचीस तेव्हा मी सांगायला यायचे, की पुढे असं झालं तर, पुढे तसं झालं तर. तव्यावरची नजर न काढता तू म्हणायचीस, “घरात सांगितलेलं चालणार नाही. वर्गात हात वर कर.” वर्गात मी हात वर करायचे आणि तू माझ्या डोक्यावरून मागच्या बाकाकडे बघायचीस. पोटच्या पोरीला पुढे केलं असं कुणी म्हणू नये म्हणून, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. एकदा मी हात वर न करताच बोलले, तर सगळ्यांसमोर म्हणालीस, “तू बस. तुला घरी सगळं आयतं मिळतं.” काय आयतं मिळत होतं गं मला?

आणि तेवीस. तिचे वडील चादरीच्या कारखान्यात नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. त्या भोकांवरून मागावर नक्षी उतरते, भोक चुकलं की नक्षी चुकली. त्यांच्या हातून एकदा एक भोक राहिलं आणि मोराच्या जोडीची आख्खी खेप निघाली ती डोळ्याशिवाय. मालकाने ती बाजूला काढली, आणि त्यातली एक चादर त्यांच्या घरी अंथरायला आली. ती चादर तेवीस वर्गात घेऊन आली, तुला दाखवायला. पोरं हसली. आंधळा मोर, आंधळा मोर! तू हसली नाहीस. तू चादर टेबलावर पसरलीस, मग उलटी केलीस. पुढे पांढऱ्यावर लाल मोर, मागे लालवर पांढरा, आणि डोळा दोन्हीकडे नाही. तू विचारलंस, “डोळा कुठं गेला असेल गं?” आणि तेवीस म्हणाली, “हरवला न्हाय बाई. त्यो मागचं बघायला गेलाय.” त्या एका वाक्यातून तुझी सात पुस्तकं निघाली. वाटाड्या मोर, जो डोळ्याशिवाय पोरांना चादरीच्या मागे नेतो, तो तिच्या बापाच्या चुकीचा आहे. पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रतही तू तिलाच दिलीस. मला दुसरी.

काल मी तिच्याकडे गेले. ती अजून गावाच्या पूर्व भागातच, मागवाल्यांच्या वस्तीत राहते, घरात मशीन टाकून टॉवेलांच्या कडा शिवते. मी का गेले ते स्पष्टच सांगते. मला वाटलं होतं, मोराचा पाळणा होणार हे ऐकून ती भडकेल आणि मला सही न करायला एक दणदणीत कारण मिळेल. झालं भलतंच. “आपल्या मोराचा पार्क?” तिने मशीन थांबवलं. “अगं लई भारी झालं की!” मी म्हटलं, “तुला काहीच वाटत नाही? खेळणं करणार आहेत ते त्याचं.” तर हसायलाच लागली. “खेळणंच हाय की ते. बाईंनी काय देव्हाऱ्यात बसवलावता व्हय त्याला? माजी नात पुस्तकाला हात लावत न्हाई बग. पाळण्यात बसली तर इचारंल तरी, आज्जी, ह्यो बिनडोळ्याचा मोर कुटनं आला? मग मी सांगीन. तितं आपलं नाव आसंल न्हवं कुटंतरी?”

मी पर्समधून कागद काढून तिच्या हातात दिला. ती ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेली. सातव्या कलमापाशी बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथे आलं.

“म्हंजे हितं ल्हिलंय की मी कायबी बोलले न्हाई.”

“तसं नाही गं, ही त्यांची कायद्याची भाषा…”

“तसंच हाय. माज्या बापाला मालकानं सगळ्यांम्होरं हुबं केलंतं. आठ दिवस कामावर घेतलं न्हाई. चूक तेवढी त्याची, आन् मोर दुसऱ्याचा व्हय?” मग कागदाची घडी घालून तिने माझ्यापुढे धरला. “तू सही कर न्हाईतर नको करू. पर मला इचारायला आलीस का सांगायला, तेवढं बोल.”

वही माझ्या पर्समध्येच होती. लाल शाईतलं तिचं वाक्य, शेजारी तेवीस. मी ती काढली नाही. चहा ठेवते म्हणाली, तर मला उशीर होतोय म्हणून उठले. 

आज सकाळी मी धाकट्याला वह्यांचं सांगितलं. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “कुणी पाहिल्यात?” मी म्हटलं, मी. “मग झालं तर. मिटून ठेव.” माझा आवाज चढला, त्याचाही चढला. “ताई, उद्या पेपरात येईल, बाईंनी पोरांकडून लिहून घेतलं आणि आपल्या नावावर छापलं. चालेल तुला? आईला चोर ठरवायचंय?” मी फोन ठेवला, पण ते वाक्य दिवसभर घरात फिरतं आहे. आणि राग त्याचा नाही, तुझाच येतो. नंबर जपलेस, लाल शाईची दौत वेगळी ठेवलीस, कुणाचं काय ते विसरायचं नाही म्हणून एवढी काळजी घेतलीस, मग छापताना अर्पणपत्रिकेत ‘माझ्या वर्गास’ एवढ्यावर का भागवलंस? चाळीस पोरांची नावं एका पानात मावली असती. विसरलीस, की लाज वाटली, की प्रकाशक नको म्हणाला? मला खरंच माहीत नाही. तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

इथवर काल लिहिलं होतं. आता सोमवारची दुपार आहे.

सकाळी सातला मी तेवीसला फोन केला आणि म्हटलं, परवा मी सांगायला आले होते, आज विचारते. ती ऑफिसात आली, लग्नाला नेसायची साडी नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. धाकटा पहाटेच्या गाडीने पुण्याहून आला होता. मी सातही वह्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि सातव्या कलमावर रेघ मारली. खाली एक यादी जोडली, की ह्या मालिकेतल्या कल्पना लेखिकेच्या वर्गातल्या पुढील मुलांनी दिल्या आहेत, त्यांची नावं पार्कात लागावीत आणि त्यांच्याही सह्या घ्याव्यात. यादी मी घरूनच लिहून नेली होती. धाकटा उभा राहिला. “तू आईला उघडं पाडलंस,” म्हणाला, आणि दार उघडं टाकून गेला. साहेबांनी पहिली वही उघडली. मोराचं पान सापडलं तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला, पण बोलले ते साहेबासारखंच. “मॅडम, हे मला मुंबईला कळवावं लागेल. इतक्या लोकांच्या सह्या म्हटल्यावर ते कदाचित सगळंच थांबवतील.” मी तेवीसकडे बघितलं. पार्क तिला हवा होता, मला नको होता, आणि तो माझ्या रेघेने जाणार होता. तिने वही आपल्याकडे ओढून ते वाक्य वाचलं, ओठ हलवत. “थांबलं तर थांबू दे,” साहेबांना म्हणाली. “पर झालं तर मोराला डोळा लावू नका हां.” जिन्यात तिने माझा हात धरला आणि म्हणाली, बाई असत्या तर त्यांनी पण हेच केलं असतं. मी मान हलवली.

आई, तिला वाटतं मी तिच्यासाठी केलं. साहेबांनाही तसंच वाटत असेल. धाकट्याला वाटतं हा मी तुझ्यावर उगवलेला सूड आहे, आणि त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. पण एक गोष्ट ह्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. यादी लिहिण्याआधी मी सातही वह्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा चाळल्या. तेवीस नऊ वेळा आहे, अकरा सहा वेळा, तो मागच्या बाकावरचा सदा झोपणारा चार नंबरसुद्धा एकदा आहे. एकोणीस कुठेही नाही. एकोणीस मी होते. आणि आज त्या कागदावर, प्रतिज्ञेवर, खोटं कलम खोडून त्याच्या जागी जी खरी यादी मी दिली, तिच्या शेवटी एकोणीस लिहिलेलं आहे, पुढे माझं नाव. वह्यांशी कुणी पडताळून पाहिलं नाही. हे पत्र वह्यांत ठेवलं तर कुणीतरी वाचेल, म्हणून तिथेही ठेवणार नाही. उद्या फोन करून तो नंबर खोडायला सांगता येईल. मी सांगणार नाही, आई.